रंग नाही, शेपटी

खाणीच्या कडेकडेनं आम्ही निम्मी वाट संपवली असेल-नसेल, ताई तिसऱ्यांदा थांबल्या. पहिल्यांदा त्यांचा गुडघा बोलला म्हणून, दुसऱ्यांदा माझ्या चपलेत खडा गेला म्हणून, आणि आता काहीच कारण नसताना. कपाळावर हाताचा आडोसा धरून त्या वर बघत होत्या. वर चार-पाच घारी गोल फिरत होत्या. मी मनात म्हटलं, चला, तेवढाच दम खाऊ, आणि पाण्याची बाटली उघडली.

“पाणी पी, पण बसू नकोस,” ताई वरच बघत म्हणाल्या. “एकदा बसलीस की तुला उठवायला क्रेन मागवावी लागेल.”

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या मला ‘धाकटे’ म्हणतात. या घरात आले त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही, आणि मला ते आवडतं. आमच्यात बारा वर्षांचं अंतर. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. मी घरी शिवणकाम करते आणि ताई शहराच्या कचरा डेपोवर वजनकाट्यावर असतात. सव्वीस वर्षं झाली.

काट्यावर बसायचं म्हणजे आकडे बघायचे, असं मलाही वाटायचं. एकदा त्यांचा घरी राहिलेला डबा द्यायला गेले आणि अर्धा तास तिथेच बसले. पत्र्याची खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, घरघरणारा पंखा, टेबलावर आकडे दाखवणारं यंत्र. बाहेर जमिनीच्या पातळीत एक भलामोठा लोखंडी पाट बसवलेला. भरलेली गाडी येते, त्या पाटावर उभी राहते, वजन होतं. आत जाऊन रिकामी होते, परत येते, पुन्हा वजन होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की कचरा किती ते कळतं. “दोनदा बघितल्याशिवाय पावती नाही,” हे ताईंचं वाक्य तिथला प्रत्येक ड्रायव्हर झोपेतसुद्धा म्हणू शकेल. त्या दिवशी एका गाडीचं मागचं चाक पाटाच्या बाहेर राहिलं होतं. ताईंनी वहीतून मान वर न काढता नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, “मागचं उजवं चाक आत घ्या. आणि मागे लटकलेत त्या दादांना उतरवा. त्यांचं वजन मला नको, त्यांच्या बायकोला पाहिजे असेल.”

सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पावती खोडलेली नाही. घरात कोणी काही अंदाजानं बोललं की त्यांची भुवई वर जाते. मी एकदा सहज म्हटलं, “आज शंभर तरी ब्लाउज आले असतील बाई शिवायला,” तर त्या खाली येऊन मोजून गेल्या. तेवीस होते.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काय करायचं, म्हणून त्यांना पाखरांचा नाद लागला. कचरा डेपोवर दुसरं काय बघणार? कावळे, बगळे, घारी. आणि नऊ वर्षांपूर्वी आलेली एक पांढरी जोडी. पिवळं टक्कल पडल्यासारखं तोंड, अंग पांढरं, पंखांची कड काळी. पांढरं गिधाड. डेपोला लागून जुनी दगडाची खाण आहे. तिच्या दक्षिणेकडच्या कड्यात एक कपार आहे, तिथे ती जोडी राहते. ताई वजनाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर रोज दोन ओळी लिहायच्या, ‘घार’ आणि ‘पां.’, आणि पुढे आकडा.

मला आधी किळसच यायची. गिधाड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कोणाच्या तरी मरणावर टपलेलं. मी तसं बोलूनही दाखवलं, की अपशकुनी ते, त्याचं काय कौतुक. त्यावर ताई म्हणाल्या, “तुझ्या देवानंच झाडूवाला नेमलाय. तू त्यालाच अपशकुनी म्हणतेस आणि वर त्याला नेमणाऱ्या देवाच्या पाया पडतेस.”  त्या रात्री प्रार्थनेला बसले तेव्हाही ते वाक्य डोक्यात होतं. तेव्हापासून मी गिधाडाला नावं ठेवत नाही.

ताई त्या दोघांचे स्वभाव असे सांगायच्या, की समोर माणसं उभी राहावीत. घार म्हणजे घाईची. वरून सूर मारणार, पायानं उचलणार, उडता उडताच खाणार, जेवायला बसायची म्हणून पद्धत नाही. एका ड्रायव्हरच्या हातातला घास तिनं असा नेला की तो बिचारा बोटं चाखत बसला. आणि पांढरं कसं, तर पायी. निवृत्त हेडमास्तर हात मागे बांधून मैदानात फिरतात तसं ते ढिगावरून चालत जातं. बारीक लांब चोचीनं एकेक गोष्ट उचलून बघतं, नको ती खाली ठेवतं. “तू उसवलेला दोरा काढतेस ना सुईनं, तसं,” ताई म्हणायच्या. आमच्या ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, “तुम्हा दोघी जावांमध्ये मग घार कोण आणि गिधाड कोण?” ताईंनी शांतपणे सांगितलं, की ते जेवायला पुढे काय वाढलं जाईल त्यावर अवलंबून आहे.

आता त्या रविवारी आम्ही खाणीवर कशा, ते सांगते.

डेपोला जाणारा रस्ता अरुंद आहे, गाड्यांची रांग लागते. म्हणून खाणीचा दक्षिणेकडचा कडा तासून रस्ता रुंद करायचं ठरलं. त्याआधी वनखात्याकडून एक पाहणीवाली आली. तरुण पोरगी, पाठीवर भली मोठी बॅग, बोलायला गोड. तिच्या फॉर्मवर पाखरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे त्याची जगात काय अवस्था आहे ते लिहिलेलं होतं. घारीपुढे होतं, काळजीचं कारण नाही. पांढऱ्या गिधाडापुढे होतं, धोक्यात. ताईंनी विचारलं, की धोक्यात म्हणजे नेमकं किती धोक्यात? तिनं बोटांवर पायऱ्या मोजून दाखवल्या. घार पहिल्या पायरीवर. पांढरं गिधाड उतरत उतरत चौथ्यावर आलंय. त्याखाली अतिधोक्यात, मग नुसतं पिंजऱ्यातच उरलेलं, आणि मग नाहीच.

ताईंना ते पटेना. दोघं एकाच ढिगावर जेवतात, मग एकाची चैन आणि दुसऱ्याची ही दशा का? पोरीनं समजावून सांगितलं. घारीला काहीही चालतं, उंदीर, किडे, शिळंपाकं, आणि घरटं कुठल्याही झाडावर. गिधाड मेलेल्या जनावरावर जास्त असतं, आणि गुरांना देतात त्यातली काही औषधं गिधाडांना विषासारखी. कोणी कुत्र्या-कोल्ह्यांसाठी विष घातलं तर तेही यांच्याच पोटात. विजेच्या तारा वेगळ्या. त्यात अंडी दोनच, आणि बरेचदा पिल्लू एकच जगतं.

मग तिनं मुख्य प्रश्न विचारला. या कपारीत पिल्लं होतात का? पिल्लं होत असतील तर कडा तासता येणार नाही. नऊ वर्षं रोज बघणारं दुसरं माणूस तिथे कोणी नव्हतंच.

ताईंनी जे पाहिलं होतं ते सांगितलं. नऊ वर्षांत एकही पांढरं पिल्लू दिसलेलं नाही.

पोरीनं लिहून घेतलं: ‘जुनी जोडी, वीण नाही.’ खाली ताईंची सही घेतली.

त्यानंतर ताईंचं जेवणावरचं मन उडालं. मोठे भाऊजी म्हणाले, अगं तू खरं तेच सांगितलंस ना? त्यावर ताई म्हणायच्या, “खरंच सांगितलं, तेच तर.” त्यांच्या एका सहीवर त्या म्हाताऱ्या जोडीचं घर जाणार होतं. त्या रविवारनंतर आठ दिवसांनी, सोमवारी मशीन येणार होतं. कडा तासण्याआधी एकदा कपार समोरून बघायची, असं त्यांनी मनावर घेतलं. काट्यावरून ती दिसत नाही, खाणीच्या समोरच्या कडेनं काट्याझुडपांतून जाणारी सव्वादोन तासांची वाट आहे. भाऊजींचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. मग राहिले मी. मी म्हटलं, रविवारी सकाळी माझी प्रार्थना असते. त्या म्हणाल्या, वाटेत कर, देवाला पत्ता माहीत आहे.

तर तशी मी बाटली हातात धरून उभी होते, बसले नव्हते. ताईंनी गळ्यातली दुर्बीण काढली. जावयानं दिलेली, तिची एक काच धुरकट झालेली, म्हणून त्या एक डोळा मिटून बघतात. निम्म्या वाटेवरूनच समोर खाणीपलीकडे कडा दिसत होता, आणि मधोमध ती कपार. खाली पांढऱ्या ओघळांचे डाग.

“आहे का कोणी घरात?” मी विचारलं.

ताईंनी दुर्बीण कपारीवर रोखली. मग एकदम त्यांचा आवाज चढला. कपारीच्या तोंडाशी दगडावर एक घार बसली होती. नेमकी त्यांच्या दारात. आणि तेवढ्यात पांढरं त्या दगडावर उतरलं, तशी घार त्याच्या तोंडाला तोंड लावायला धावली. ताई म्हणाल्या, बघ, बघ, मेली पोटातलं काढून घेतेय त्याच्या. इतकी वर्षं ढिगावर हिसकावलं ते पुरलं नाही, आता घरात शिरली. त्या तावातावानं एक दगड उचलायला वाकल्या. कडा निदान दोनशे पावलं लांब होता, त्यामुळे तो दगड कुणाला लागला असता देव जाणे.

मी त्यांना दगड टाकायला लावला आणि त्यांच्या हातून दुर्बीण घेतली. हातात आलीच आहे तर बघू म्हणून डोळ्याला लावली. मला पाखरांतलं काही कळत नाही. पण कापड कसं बेतलंय ते मला लांबूनही कळतं. वर फिरणाऱ्या घारींची शेपटी मी वाटभर बघत आले होते. सदऱ्याच्या मागच्या घेराला मधोमध खाच द्यावी तशी ती असते. दगडावरच्या त्या तपकिरी पाखरानं पंख पसरले, तोल सावरला, आणि शेपटी उघडली. तिला खाच नव्हती. ती टोकाकडे निमुळती होत गेली होती, कळीदार झग्याची एक कळी उलटी धरावी तशी.

मी म्हटलं, “ताई, या घारीची शेपटी कोणी बेतली? खाच द्यायला विसरलेत.”

त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून जवळजवळ ओढली. पांढऱ्याची शेपटी बघितली. तपकिरीची बघितली. पुन्हा पांढऱ्याची. त्या पाखरानं मान वर केली तेव्हा चोच दिसली. बारीक, लांब, दोरा काढायच्या सुईसारखी. आणि पांढरं काही लुटलं गेल्यासारखं वागतच नव्हतं. त्यानं पुन्हा मान खाली घातली, गळ्यातलं वर काढलं, आणि भरवलं.

मला बसू नकोस म्हणणाऱ्या ताई स्वतःच एका दगडावर मटकन बसल्या.

“धाकटे,” त्या हळूच म्हणाल्या, “ते त्यांचं पोर आहे.”

मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं, पुन्हा हसल्या. नऊ वर्षं त्या छोटं पांढरं शोधत होत्या. पांढऱ्याचं पिल्लू पांढरंच असणार, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. आधीच्या वर्षांची पोरं आपली रोज घारींच्या पंगतीत बसून जेवत होती आणि ताई त्यांना घारींत मोजत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी तिथेच हात जोडले. माझी त्या दिवशीची प्रार्थना राहिली होती, ती तेवढ्यातच झाली.

मला वाटलं आता घरी. मी पिशवी उचलली. पण ताई उठायला तयार नाहीत.

“एकदा बघितलं म्हणजे भरलेलं वजन झालं. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय पावती नाही.”

आम्ही आणखी दोन तास उन्हात बसलो. माझ्या ओढणीचं छप्पर करून दोघी त्याखाली. मोठी पांढरी जोडी आळीपाळीनं आली. त्यातलं दुसरं आलं तेव्हा त्यानंही भरवलं. तेव्हा ताईंनी वही काढली, वेळ लिहिली, आणि त्या पाहणीवालीला फोन लावला. फोन लागेपर्यंत त्या गुडघा विसरून उभ्या राहिल्या होत्या. मला कळत होतं का ते. आनंद होताच, पण ‘मी चुकले’ हे वाक्य त्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणणार होत्या.

त्या काय म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द ऐकलं. “बाळ, तुझ्या फॉर्मवर माझी सही आहे ना, ती चुकीच्या वजनावर आहे. परत ये.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांनी डेपोच्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही. गाड्यांच्या रांगेपायी त्यांना रोज वरून बोलणी बसतात, रस्ता व्हावा ही त्यांची खरीखुरी इच्छा होती. ते म्हणाले, ताई, परवापर्यंत पिल्लू नव्हतं, आज आहे, उद्या म्हणाल सगळ्याच घारी गिधाडं आहेत. आणि तुमची सही? आता सहीलाही शेपटी फुटली काय? तिथे दोन-चार ड्रायव्हर उभे होते, ते हसले. ताईंनी हसू दिलं. मग विचारलं, “साहेब, काट्यात चूक निघाली तर काटा मोडता की दुरुस्त करता?”

 साहेब म्हणाले, की पोरीला येऊ दे, तिला दिसलं तर माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या सोमवारच्या आत.

ती बुधवारी आली. या वेळी तीन पायांवर उभी करायची मोठी दुर्बीण घेऊन. मीही गेले, ताईंनी रजा टाकली. दुपारपर्यंत कपारीत कोणी दिसेना. ना पांढरं, ना तपकिरी. ताई एका जागी उभ्या राहू शकत नव्हत्या. पाहणीवालीनं जेवायला म्हणून डबा उघडला, आणि आकाशातून एक घार सुटली ती तिच्या मांडीवरून अर्धं जेवण उचलून पसार. पोरगी किंचाळली आणि मग पोट धरून हसायला लागली. ताई म्हणाल्या, “बघून घे. ही पहिल्या पायरीवरची. हिची काळजी करू नकोस.”

तिच्या हसण्यानं की काय, कपारीच्या आतल्या अंधारातून काहीतरी हललं. तपकिरी पाखरू चालत बाहेर आलं. हात मागे बांधून, हेडमास्तरांसारखं. दगडाच्या टोकाशी उभं राहून त्यानं पंख पसरले आणि जागच्या जागी झपाझप मारले. शेपटी उघडली. पोरगी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून होती. तिनं बराच वेळ मान उचलली नाही. मग म्हणाली, की महिन्याभरात उडेल हे. तिनं हेही सांगितलं, की यांची पिल्लं अशीच गडद तपकिरी असतात, हळूहळू उजळत जातात, पुरतं पांढरं व्हायला पाच वर्षं लागतात. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण पहिल्या वेळी तिनं ताईंना ‘पिल्लू दिसलं का’ एवढंच विचारलं होतं, पिल्लू कसं दिसतं ते सांगायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती शरमली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, चल, तूही एक पावती खोड, मीही खोडते. फॉर्मवर ‘वीण नाही’वर तिनं आडवी रेघ मारली आणि शेजारी दोघींनी सह्या केल्या.

पुढच्या सोमवारी मशीन आलं. तीन दिवस खाणीच्या तोंडाशी नुसतं उभं राहिलं, ड्रायव्हर त्याच्या सावलीत झोपायचा. आम्ही घरी रोज विचारायचो, कागद आला का? चौथ्या दिवशी आला. दक्षिणेचा कडा तसाच ठेवायचा, रस्ता उत्तरेकडून काढायचा. थोडा वळसा पडेल, पण होईल. साहेबांनी स्वतः काट्यावर येऊन सांगितलं, आणि जाता जाता विचारून गेले, की ती कपार नेमकी कुठून दिसते.

त्या आठवड्यात आम्ही दोघी वरच्या मजल्यावर जुन्या वह्या घेऊन बसलो. मला वाटलं होतं, ताई आता सगळ्या घारी बदलून गिधाडं करतील. नाही. “शेपटी बघितली नाही, तर घारच राहू दे,” त्या म्हणाल्या. पण मधेमधे दुसऱ्याच नोंदी सापडायला लागल्या. ‘पां. ३, एक मळकं, पाहुणं असावं.’ दोन वर्षांनी पुन्हा, ‘पां. ३, एक फार मळकं, अंघोळ नाही वाटतं.’ मग, ‘आज पुन्हा तो मळका पाहुणा.’ कचरा डेपोवर सगळेच मळतात, त्यात नवल काय, असं वाटून त्यांनी पुढे विचारच केला नव्हता. अशा सात नोंदी निघाल्या. ताईंनी लाल पेननं प्रत्येक ठिकाणी ‘पाहुणं’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘घरचं.’ मोठे भाऊजी पलंगावरून म्हणाले, की नऊ वर्षं आपल्याच लेकरांना पाहुणा म्हणणारी आई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. ताई म्हणाल्या, पाहुणा तर पाहुणा, अंघोळीवरून बोलले त्याचं जास्त वाईट वाटतंय.

आणि मग तो दिवस आला. मी काट्यावर नव्हते, पण पुढे आठ-दहा ड्रायव्हरांनी तो मला वेगवेगळ्या पद्धतीनं सांगितला, त्यावरून लिहिते. सकाळी साडेदहाच्या सुमाराला खाणीच्या बाजूनं एक तपकिरी पाखरू आलं. उडण्यात जोर नव्हता. ढिगावर उतरताना ते जवळजवळ तोंडावर पडलं. एका घारीनं वरून भीती घातली, तसं ते दचकून चार पावलं चाललं. मग मोठं पांढरं शेजारी येऊन उतरलं. दोघं मिळून चालायला लागली. पुढचं चोचीनं उचलून बघायचं, मागचं तसंच उचलून बघायचं.

काट्यावर तेव्हा भरलेली गाडी उभी होती, मागे सहा. ताईंनी माइक उचलला. “सगळे जरा थांबा. चार मिनिटं कोणी गाडी हलवू नका. आमच्याकडचं लहान मूल आज पहिल्यांदा जेवायला आलंय.” सव्वीस वर्षांत त्यांनी काटा कधी थांबवला नव्हता. ड्रायव्हर खाली उतरले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. साहेब ऑफिसातून बाहेर आले, का थांबलंय ते विचारायला, आणि तेही उभे राहिले. एका ड्रायव्हरनं विचारलं म्हणे, की ताई, घारच आहे की ही. तर सहाच्या सहा जण एकदम म्हणाले, शेपटी बघ.

ताई या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. मुलीकडे जाणार, दुसऱ्या शहरात. नातू लहान आहे, भाऊजींनाही तिथला दवाखाना सोयीचा. वरचा मजला रिकामा होणार म्हणून मी आतापासूनच चुकून जिन्याकडे बघत असते. परवा त्या खाली आल्या. मी मशीनवर बसले होते, एका मुलीच्या झग्याला कळ्या जोडत होते. त्यांनी एक कळी उचलली, उलटी धरली, बघितली, ठेवली. मग पिशवीतून त्यांची शेवटची वही काढून माझ्या कात्रीशेजारी ठेवली, आणि ती दुर्बीणही.

“ते पोर आता जाईल कुठे कुठे,” त्या म्हणाल्या. “पण आधीची आली तसं मधून मधून हेही येईल. पाच वर्षं लागतात पांढरं व्हायला. मी काही दर वर्षी यायची नाही, गुडघा येऊ देणार नाही. तू जा. वर्षातून एकदा, त्याच वाटेनं, चालत. हवं तर जाता जाता प्रार्थना कर. आधी शेपटी बघ, मग रंग. मान उजळली की पाठ, किती उजळली, तेवढंच मला कळव. अंदाजानं सांगू नकोस, धाकटे. दोनदा बघ, आणि मग फोन कर.”